वर जायची वाट

हरणाऱ्या संघावरून माणसाचं मन उडतं, असं सर्रास मानलं जातं. मला ते पटत नाही. गोव्याचा फुटबॉल संघ धेंपो २०१४-१५ च्या मोसमात आय-लीगमधून खाली घसरला, तेव्हा त्या संघावर माझा जितका जीव होता तितका विजेतेपदांच्या वर्षांतही नव्हता. पुढच्याच मोसमात तो दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकून पुन्हा वर जायला पात्र ठरला. माझी ओढ आटायला लागली ती त्यानंतर.

आम्ही डिचोलीकडचे. गोव्याचा फुटबॉल म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढे सासष्टी येते, मडगाव येतं, चर्चसमोरचं मैदान आणि त्यावर अनवाणी धावणारी पोरं येतात. ते खरंच आहे. पण धेंपोचं मूळ आमच्या डिचोलीत आहे. इथल्याच एका क्लबाला १९६८ च्या सुमारास धेंपो उद्योगसमूहाने हाती घेतलं आणि आपलं नाव दिलं. तालुका खाणींचा. लाल मातीने माखलेले ट्रक, मांडवीतून मुरगावकडे निघालेले खनिजाचे बार्ज, आणि त्याच खनिजाच्या पैशावर उभे राहिलेले संघ: धेंपो, साळगावकर, सेझा. आमच्या अंगणातली तुळस सकाळी धुवून हिरवी केली तरी दुपारपर्यंत पुन्हा तांबूस व्हायची. त्या धुळीशी आणि मडगावच्या फातोर्डा स्टेडियमच्या हिरवळीशी आपलं सारखंच नातं आहे, असं मला लहानपणापासून वाटत आलं. घरात येणारं दैनिक 'नवप्रभा', तेही धेंपो घराण्याचं. थोरले मामा ते मागच्या पानापासून वाचायला घेत. बोलणं कोकणीतून, पण सामन्याचं वर्णन मराठी छापातलं, तोंडपाठ.

मामांनीच मला पहिल्यांदा फातोर्ड्याला नेलं. डिचोलीहून पणजी, पणजीहून कदंबची मडगाव शटल, उतरल्यावर उन्हातून चालत स्टेडियम. गेटाबाहेर चोरीस-पावाचा खमंग वास, आत सिमेंटच्या तापलेल्या पायऱ्या. मामा खिशातून रुमाल काढून पायरीवर अंथरत, चण्यांची पुडी मांडीवर ठेवत आणि सामना संपेपर्यंत एकही चणा तोंडात टाकत नसत. पुडी परतीच्या बसमध्ये फुटायची. जिंकलो तर ती मला मिळायची आणि हरलो तरी मलाच मिळायची, फक्त त्या वेळी मामा बोलत नसत.

पुढे जे दिवस आले ते सांगताना आजही माझा आवाज चढतो. ५ डिसेंबर २००४. बंगळूरला फेडरेशन चषकाचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. आमचा ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियर याने दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो कोसळला आणि पुन्हा उठलाच नाही. आम्ही चषक जिंकलो होतो आणि घरात कुणी तोंडातून शब्द काढत नव्हतं. क्लबाने त्याची दहा नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली. त्याच मोसमात धेंपोने राष्ट्रीय लीगही जिंकली. त्या विजेतेपदात क्रिस्तियानोचा वाटा किती, हे कुठल्याही तक्त्यात मांडता येणार नाही.

मग आर्मांदो कुलासो यांचा तो सगळा काळ. एकूण पाच राष्ट्रीय विजेतेपदं: २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१०, २०११-१२. मागे समीर नाईक आणि महेश गवळी, मध्ये क्लायमॅक्स लॉरेन्स आणि बेटो, कडेने क्लिफर्ड मिरांडा, आणि पुढे रँटी मार्टिन्स. रँटीला गोलकडे पाठ करून चेंडू घेताना पाहणं हा एक वेगळाच आनंद होता. अंगावर बचावपटू झोंबलेला असायचा, रँटी त्याला पाठीवर घेतल्यासारखा क्षणभर उभा राहायचा, आणि तो कोणत्या बाजूने वळणार हे आम्हाला त्याच्या खांद्यावरून कळायचं. बचावपटूला कळायचं नाही. २०११-१२ च्या लीगमध्ये त्याने ३२ गोल केले. त्याआधी, २००८ साली, आम्ही एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत धडक मारली होती. आय-लीगचे पहिले सहा मोसम घ्या. २००७ पासून २०१३ पर्यंतची सहाही विजेतेपदं गोव्यात आली: तीन धेंपोची, दोन चर्चिल ब्रदर्सची, एक साळगावकरचं. एवढ्याशा राज्याने सहा वर्षं देशाला मैदानात उतरू दिलं नाही, असं मामा म्हणत. मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने म्हणे.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि त्याबरोबर एफसी गोवा. झिकोसारखा माणूस प्रशिक्षक म्हणून फातोर्ड्याला उभा राहिला, स्टेडियम झळाळलं, तिकिटांसाठी रांगा लागल्या. त्या नव्या संघाच्या मालकांमध्ये साळगावकर आणि धेंपो घराण्यांतलीही माणसं होती. गोव्याच्या फुटबॉलला मोठं व्यासपीठ मिळावं ही इच्छा त्यामागे होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण प्रेक्षकांचं लक्ष, जाहिरातदारांचा पैसा, चांगल्या खेळाडूंचा ओघ असं सगळं हळूहळू नव्या लीगकडे वळलं, आणि त्याच मोसमात धेंपो घसरला.

त्या घसरणीच्या वर्षातलं प्रेम मी विसरू शकत नाही. एकेक गुणासाठी जीव टांगणीला लागलेला. तक्ता वहीच्या पानावर लिहून ठेवायचा, उरलेल्या सामन्यांपुढे पेन्सिलने अंदाज मांडायचे, खोडायचे, पुन्हा मांडायचे. मामांचे गुडघे गेले होते, शटलची चढउतार त्यांना झेपत नव्हती. मध्यंतराला त्यांचा फोन यायचा. पहिला शब्द कधीच नमस्कार नसे, थेट "कितें जालें?" मी सांगायचो, ते एक सुस्कारा टाकायचे आणि फोन ठेवायचे. आम्ही बुडत होतो, आणि बुडत असल्यामुळेच एकमेकांना घट्ट धरून होतो. पराभव जिव्हारी लागत होता, कारण प्रत्येक पराभवाने काहीतरी खरोखर जाणार होतं.

पुढचा मोसम दुसऱ्या श्रेणीत. साधी मैदानं, थोडके प्रेक्षक, आणि आम्ही पहिल्या क्रमांकावर. २०१६ साली धेंपोने ती लीग जिंकली तेव्हा मामांनी घरी पायस करायला लावली. "आता परत वर," एवढंच म्हणाले.

आणि वर काही उरलंच नव्हतं. त्याच वर्षी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नव्या रचनेचा आराखडा मांडला: सुपर लीग सर्वांत वर, आय-लीग तिच्या खाली, आणि खालून वर जायला मैदानातून वाट नाही. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपोनेही माघार घेतली. जिंकून कमावलेली जागा त्यांनी सोडून दिली. त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. जिथे कितीही जिंकलं तरी पायरी चढता येत नाही, तिथे कोट्यवधी रुपये आणि पोरांची उमेदीची वर्षं का ओतायची? निर्णय रास्त होता. पण त्या रास्त निर्णयाने माझ्या आत काहीतरी जागच्या जागी थांबलं.

राग आला असता तर बरं झालं असतं. राग माणसाला संघाशी बांधून ठेवतो. इथे रागावायला समोर कुणी प्रतिस्पर्धी नव्हता, पंचाचा चुकलेला निर्णय नव्हता, शेवटच्या मिनिटाला हुकलेली पेनल्टी नव्हती. मुंबईचा महिंद्र युनायटेड २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकूनही २०१० मध्ये बंद झाला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याचा जेसीटी २०११ मध्ये गेला. त्यांच्या चाहत्यांबद्दल मला फार वाटतं. पण श्राद्ध घालायलाही तिथी लागते, आणि त्यांना ती मिळाली. आमचा क्लब चालूच राहिला. गोव्याच्या लीगमध्ये तो खेळत होता, जिंकत होता, त्याच्या अकादमीतून पोरं घडत होती. जिवंत संघाचा शोक कसा करायचा?

मी जात राहिलो, म्हापशाच्या धुळेर स्टेडियमवर प्रामुख्याने. आठवड्यातल्या कुठल्यातरी दिवशी, दुपारी, कृत्रिम हिरवळ उन्हाने तापलेली. भरलेल्या स्टेडियममध्ये कधी ऐकू न आलेले आवाज तिथे ऐकू येतात. बूट चेंडूला लागल्याचा बद्द आवाज, बचावपटूंनी एकमेकांना घातलेल्या हाका, बाकावरून प्रशिक्षकाने केलेली एखाद्या पोराची कानउघाडणी, आणि समोरच्या पायऱ्यांवर डबा घेऊन बसलेल्या त्याच पोराच्या आईचं "शाबास!" खेळ वाईट नव्हता. काही पासेस तर असे होते की पूर्वी मी उठून उभा राहिलो असतो. मी बसून राहिलो. गोल झाला, टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या ध्यानात आलं की पुढच्या क्षणी मी परतीच्या बसची वेळ मोजतोय.

ओढ एका दिवसात जात नाही. आधी बाहेरगावचे सामने सुटतात. मग वहीतला तक्ता अपुरा राहतो. मग निकाल दुसऱ्या दिवशी कळला तरी चालतं. एका संध्याकाळी मामांनी विचारलं, "धेंपोचें कितें जालें?" आणि त्या दिवशी सामना होता हेच मला ठाऊक नव्हतं. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत राहिले. त्यांची ओढ तशीच आहे. त्यांना लीगची रचना, पायऱ्या, आराखडे यांच्याशी देणंघेणं नाही. आपला संघ मैदानात आहे, एवढं त्यांना पुरतं. मला ते पुरत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२०२४ मध्ये धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये आला. ज्या समीर नाईकला आम्ही बचावात छातीचा कोट करताना पाहिलं, तोच प्रशिक्षक. संघात बरीचशी गोव्याचीच पोरं. यापेक्षा अधिक काय हवं होतं? मी आतून काहीतरी उसळायची वाट पाहत होतो. पण २०१९ पासून आय-लीग अधिकृतपणे दुसऱ्या श्रेणीची झालेली, आणि त्या २०२४-२५ च्या मोसमाचा विजेता अखेर ठरला तो स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादात. जुलैमध्ये निकाल आला, विजेतेपद इंटर काशीला गेलं आणि आमच्या चर्चिलच्या हातातून निसटलं. चर्चिल आमचे जुने प्रतिस्पर्धी. त्यांच्या पराभवाने मी एकेकाळी नाचलो असतो. या वेळी त्यांच्यासाठी जीव तुटला. मैदानात हरवावं लागतं माणसाला, कागदावर नव्हे.

माझा भाचा एफसी गोवाचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये सौदीचा अल नस्र फातोर्ड्याला आला, तेव्हा तो घसा बसेपर्यंत ओरडून घरी परतला. आम्ही १-२ ने हरलो होतो, आणि त्याचे डोळे चमकत होते. ती चमक मी ओळखतो. नारिंगी जर्सी घालून त्याच्याबरोबर मीही गेलो आहे, आणि एफसी गोवा जिंकावा असं मला मनापासून वाटतं. तरीही एका संघावरचं प्रेम उचलून दुसऱ्यावर ठेवता येत नाही. ज्यांना येतं त्यांना ते लखलाभ.

माझ्यापुरता निष्कर्ष सरळ आहे. २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगचं दार उघडलं. आधी पंजाब, मग मोहम्मेडन स्पोर्टिंग वर गेले. पण २०२४-२५ च्या मोसमापर्यंत सुपर लीगमधून कामगिरीच्या जोरावर एकही संघ खाली आलेला नाही. पडण्याची भीती आणि चढण्याची आशा दोन्ही हव्यात, सगळ्यांना, अगदी एफसी गोवालासुद्धा. भाच्याला हे आवडणार नाही. पण ज्या मोसमात माझा संघ पडला त्याच मोसमात मी त्याचा सर्वांत जास्त होतो, हे मी विसरायला तयार नाही.

तोवर गोव्यातल्या, आणि सुट्टीत गोव्याला येणाऱ्या वाचकांना एक विनंती. स्थानिक लीगचे सामने चालू असले की एखादी दुपार मोकळी ठेवा आणि धुळेरला जा. मुलांना बरोबर न्या. खेळ तोच आहे, पोरं जीव तोडून खेळतात आणि पायऱ्यांवर बसायला भरपूर जागा आहे. धेंपोचा सामना असला तर निकाल मला कळवा. मामांना सांगायचा असतो.