दिव्याला काय माहीत

आमच्या निफाडकडे विजेला कुणी वीज म्हणत नाही, लाइट म्हणतात. घरातला बल्ब लागलेला असतो, तरी माणूस ओट्यावर बसून सांगतो, "लाइट नाही." कारण घराला सिंगल फेज आलेली असते, पण मोटारीला लागणारी थ्री फेज अजून आलेली नसते. ती पाळीने यायची, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री.

विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीवर लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे असायचे. एखादा विझलेला दिसला तर ती फेज गेली म्हणायची. तशीच मोटार रेटली तर जळणार आणि रिवाइंडिंगचा खर्च अंगावर येणार. पण तिन्ही दिवे लागले तरी आमचे अण्णा तेवढ्यावर भागवत नसत. बटण दाबलं की मला पाइपाच्या तोंडाशी पिटाळायचे. "पाणी पडतंय का बघ रे!" फूटव्हॉल्व्हमध्ये काडी अडकली की मोटार गरगर फिरते आणि पाइप कोरडाच. दिव्यांना तारेतलं कळतं, विहिरीतलं नाही.

2017 साली कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. पुतण्याच्या सेवा केंद्रावर सकाळपासून नवराबायको जोडीनं रांगेत बसलेले, आणि नेमका त्याच दिवशी लॅपटॉपचा वायफायचा दिवा लागेना. आदल्या दिवशीच नाशिकच्या एका दुकानातून विंडोज नवं टाकून आणलं होतं. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "कार्ड गेलं असेल. आणून ठेवा, चार-पाच दिवस लागतील." रांगेतल्या एका आजीनं विचारलं, "मंग आमचं राहून जातं का काय?" कुणी बोललं नाही.

पुतण्यानं आधी लॅपटॉपच्या कडेचं सरकतं बटण पाहिलं. ते बंद असलं तर आतला रेडिओच बंद राहतो, मग स्क्रीनवर कितीही क्लिक करा. ते चालू होतं. मग त्यानं डिव्हाइस मॅनेजर उघडला. यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' अशी ओळ होती आणि तिच्याशेजारी पिवळी खूण.

"काका, कार्ड मेलं असतं तर ते बहुतेक यादीत आलंच नसतं. त्याला करंट मिळतोय. त्याला चालवणारा ड्रायव्हर तेवढा नाही."

विंडोज बदलताना तो राहिला होता. आणि या लॅपटॉपचा दिवा नुसत्या करंटवर लागत नव्हता, ड्रायव्हरनं सांगितलं तरच लागायचा. म्हणजे आमच्या स्टार्टरच्या उलट. तिथं दिवा लागून मोटार बंद असू शकते, इथं दिवा विझून कार्ड धडधाकट. काही लॅपटॉपांत मात्र हा दिवा थेट बटणाला जोडलेला असतो. म्हणून आपला दिवा कुणाच्या हुकमानं लागतो, ते आधी माहीत हवं.

मॉडेल नंबर चिठ्ठीवर लिहून एका पोराला पेन ड्राइव्ह देऊन पिंपळगावला धाडलं. तासाभरानं ड्रायव्हर आला, टाकला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. दिवा लागला तशी रांग उठून उभी राहिली.

"साइट उघडतेय का बघ," मी म्हटलं. रेडिओ चालू झाला, एवढंच तो दिवा सांगत होता. पुढं राउटर, लाइन, सर्व्हर सगळं बाकीच होतं. बराच वेळ चक्र फिरलं, मग पान उघडलं.

आजीचा अर्ज तिसरा गेला. पावती तिनं चार घड्या घालून कनवटीला लावली आणि बांधावरच्या शेळ्या सोडायला निघून गेली.