आमचा फ्रीज आणि आईची शुगर

आईला 'शुगर' आहे आणि आम्ही राहतो शुगर लँडमध्ये. या योगायोगावर आमच्या सगळ्या मित्रमंडळींचे विनोद करून झाले आहेत, तेव्हा तुम्ही नवीन तसदी घेऊ नये. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला मी जुना साखर कारखाना दाखवायला नेलं होतं. इम्पीरियल शुगरची ही रिफायनरी २००३ सालीच बंद पडली; विटांची उंच इमारत तेवढी उभी आहे. आई पलूसची, म्हणजे उसाच्या मुलखातली. गाडीची काच खाली करून तिने एक मोठा श्वास घेतला आणि निकाल दिला, "मळीचा वास नाही, मग कसला कारखाना?"

२०२४ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा आली, सहा महिन्यांसाठी. बॅगेत मेतकूट, कुळथाचं पीठ आणि थंड पाकिटांत गुंडाळलेला सहा महिन्यांचा इन्सुलिनचा साठा. तो तिने स्वतःच्या हाताने फ्रीजच्या मधल्या कप्प्यात लावला, मागच्या भिंतीपासून चार बोटं लांब. इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं, म्हणजे इथल्या भाषेत ३६ ते ४६ अंश फॅरनहाइट. वापरात घेतलेली बाटली घरात बाहेर राहिली तरी साधारण चार आठवडे चालते, पण खोली ३० सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. साठ्याचे इतके लाड करावेच लागतात.

८ जुलैच्या पहाटे बेरिल वादळ माटागोर्डाजवळ किनाऱ्याला लागलं आणि ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. आमचीही गेली. बंद फ्रीज दार न उघडता चार तास थंडावा धरतो; फ्रीजर भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४. हे मला पाठ होतं. पण वीज येणार कधी हे कोणालाच सांगता येईना. दुपारी घरात ८८ अंश झाले. मी म्हटलं, "आई, सगळं इन्सुलिन फ्रीजरमध्ये टाकू, तिथे अजून बर्फ आहे."

"अरे, गोठलं की गेलं ते! मग वितळवून घेतलं तरी उपयोग नाही. मास्टर्स करून आलास ना?"

मी गप्प बसलो. मग तिने सांगितलं, पलूसला आठ-आठ, दहा-दहा तासांचं लोडशेडिंग होतं त्या वर्षांत ती काय करायची. मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, त्यात इन्सुलिनची डबी, वरून ओलं फडकं. वाळूतलं पाणी मडक्यातून झिरपून वाऱ्यावर उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. आपल्या माठाचंच हे शास्त्र. आमच्या अंगणात मातीच्या दोन कुंड्या होत्या. आईने बाजारात माठ घेताना वाजवतात तशा त्या वाजवून पाहिल्या, तळाची भोकं बुजवली आणि प्रयोग मांडला. मी आत थर्मामीटर ठेवला. दोन तासांनी घरात ८८ आणि कुंडीत ८४!

आईला ते फार लागलं. पलूसच्या एप्रिलमध्ये हवा कोरडी असते, ती पाणी पटापट पिते. आमच्या इथल्या जुलैच्या हवेचं पोट आधीच भरलेलं. "तुमची हवाच ओली," म्हणून तिने कुंडी बाजूला सारली. शेवटी पिकनिकचा कूलर काढला. तळाशी बर्फ, मध्ये जाड टॉवेलची घडी, वर डबी आणि शेजारी थर्मामीटर. बर्फासाठी रोज पेट्रोल पंपावर रांग. रात्री उठून आकडा पाहायचो. तो ३६ च्या खाली गेला तरी भीती, ४६ च्या वर गेला तरी भीती.

गुरुवारी संध्याकाळी वीज आली आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

मित्रांपैकी चार घरांत अजून अंधार होता. फोन गेले आणि तासाभरात आमच्या दारात मंडळी हजर! कोणाचं श्रीखंड, कोणाचा आमरस, कोणाची गणपतीसाठी आणून ठेवलेली ओल्या खोबऱ्याची पाकिटं. नाही कोणाला म्हणणार? फ्रीज छतापर्यंत भरला. फ्रीजरचा ड्रॉवर मी गुडघ्याने ढकलून बंद केला.

शनिवारी सकाळी दूध फाटलं. थर्मामीटर ५४.

दुरुस्तीवाल्याला फोन केला तर पुढच्या बुधवारची वेळ मिळाली. वादळानंतर सगळ्यांचीच ही गत. इन्सुलिन पुन्हा कूलरमध्ये गेलं आणि मी बाह्या सरसावल्या. लोकांच्या बिघडलेल्या यंत्रणा निस्तरण्यावर माझं पोट चालतं. त्या धंद्यातला पहिला नियम म्हणजे काहीही उघडण्याआधी काय चालू आहे ते पाहायचं. दिवा लागत होता. आतल्या पंख्याचा आवाज येत होता. मागच्या जाळीवरची धूळ मी मार्चमध्येच काढली होती (तुम्ही कधी काढली होतीत? फ्रीज थंड करत नसेल तर निम्म्या वेळा तेवढंच कारण असतं, असं माझं मत आहे). दाराचं रबर तपासायला एक डॉलरची नोट दारात अडकवून ओढली. घट्ट होती. आणि गंमत म्हणजे फ्रीजरमध्ये बर्फ शाबूत! खाली गारठा, वर उकाडा.

ही खूण फार मोलाची आहे. आमच्यासारख्या फ्रीजमध्ये वरच्या भागाला स्वतःचा थंडावा नसतोच. तो फ्रीजरकडून उसना येतो. थंड नळ्या फ्रीजरच्या मागे असतात आणि पंखा तिथली हवा वर ढकलतो. म्हणजे यंत्र गार करत होतं, पण हवेची वाट अडली होती.

"रात्रभर धापा टाकतोय तो," आई म्हणाली. "आधी मध्येच थांबायचा. गुरुवारपासून थांबलाच नाही."

तिची खोली स्वयंपाकघराला लागून आहे. ज्या नोंदीसाठी मी एरवी ग्राहकाच्या मागे दोन दिवस लागतो, ती आईच्या कानात तयार होती. न थांबता चालतो म्हणजे बाहेरची गरम हवा कुठून तरी आत येतेय. मी ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला. खोबऱ्याच्या एका पाकिटाचं टोक रबरात अडकलं होतं. बोटभर फट. दोन रात्री शुगर लँडची ओली हवा तिथून आत जात होती आणि नळ्यांवर गोठत होती. फ्रीज दर काही तासांनी हीटर लावून असा बर्फ वितळवत असतो, पण हा लोंढा त्याला आवरला नाही. वर श्रीखंडाच्या डब्यांनी हवेची झरोकीही बुजली होती.

प्लग काढून आतली मागची पट्टी उघडली, तर नळ्या दिसेनातच, नुसती पांढरी भिंत. इथे सुरी घेऊन बर्फ खरवडायचा मोह होतो. तो मी विद्यार्थिदशेत केला आहे. चार मुलांचं अपार्टमेंट, जुना फ्रीज, मी सुरी मारली आणि 'फुस्स' आवाज आला. नळीतला वायू गेला, फ्रीज गेला आणि डिपॉझिटही गेलं. या वेळी दारं सताड उघडी ठेवली, समोर टेबलफॅन लावला आणि घरातले सगळे टॉवेल जमिनीवर अंथरले. बायको म्हणाली, "आता अंघोळीला काय वापरायचं ते पण सांग." चार घरांचं सामान पाचव्या घरी पोचवलं. खालच्या निचऱ्याच्या भोकातही बर्फ बसला होता. तिथे कोमट पाणी पिचकारीने सोडलं, ते खालच्या ताटलीत पडल्याचा आवाज येईपर्यंत. भाज्यांच्या कप्प्याखाली सारखं पाणी साठत असेल तर बहुतेक वेळा हेच भोक तुंबलेलं असतं. हीटर मीटरने तपासला, तो ठीक निघाला.

रविवारी सकाळी प्लग लावला. संध्याकाळी थर्मामीटर ३८ वर आला आणि फ्रीज थांबला. आईने आपल्या खोलीतून ओरडून सांगितलं, "थांबला रे!" मग उठून तिने डबी मधल्या कप्प्यात ठेवली, पुन्हा भिंतीपासून चार बोटं लांब.

बुधवारची वेळ मी रद्द केली. सामान ज्याचं त्याला परत गेलं, फक्त श्रीखंडाचा एक स्टीलचा डबा आमच्याकडेच राहिला आहे. झाकणावर कोरलेलं नाव पुसट झालंय, पण खाली 'सातारा' एवढं वाचता येतं. यंदाच्या गणपतीला घेऊन येतो. ज्यांचा असेल त्यांनी न्यावा. श्रीखंडाबद्दल मात्र विचारू नये.