नुसते ओठ हलव

परवा नातवाने हट्टाने एक इंग्रजी सिनेमा दाखवला. 'व्हिपलॅश', २०१४ सालचा. तो पनवेलला तबल्याच्या क्लासला जातो, त्यामुळे वाजवण्याचं काही दिसलं की आजीला धरून बसवायचं हे ठरलेलंच.

त्यात फ्लेचर नावाचा मास्तर आहे. डोक्याचा तुळतुळीत गोटा, काळा टी-शर्ट. ड्रम वाजवणारा पोरगा लयीत जरासा मागेपुढे झाला तर हा त्याच्या रोखाने खुर्ची फेकतो, सगळ्यांसमोर थोबाडीत मारतो, आईबापावरून बोलतो. पोराचे हात रक्तबंबाळ. हे काम करणाऱ्या जे. के. सिमन्सला २०१५ मध्ये ऑस्कर मिळालं. योग्यच मिळालं, मला रात्री झोप लागली नाही.

फ्लेचरचं म्हणणं असं, की जो जोन्सने चार्ली पार्करच्या डोक्याच्या रोखाने झांज भिरकावली म्हणून पार्कर एवढा मोठा झाला. नातवाने तिथल्या तिथे मोबाईलवर शोधून सांगितलं की खरी हकीकत १९३०च्या दशकातली, आणि झांज पायाशी टाकली होती. पाय कुठे आणि डोकं कुठे! मास्तर लोक गोष्ट किती वाढवून सांगतात ते मला कुणी शिकवायला नको.

"आजी, आपल्याकडे असं असतं का गं?" त्याने विचारलं.

मला 'कट्यार काळजात घुसली' आठवलं. दारव्हेकरांचं १९६७ सालचं नाटक, खाँसाहेबांच्या कामात वसंतराव देशपांडे. पुढे २०१५ मध्ये सिनेमा आला त्यात सचिन पिळगांवकर होते. राजगायकाला मिळणाऱ्या त्या कट्यारीबरोबर एक खून माफ असतो. सदाशिव बिचारा विद्येसाठी तळमळतो, आणि आपण प्रेक्षक खाँसाहेबांच्या तानांना माना डोलावतो. गळा एवढा असेल तर एक खून माफ, हे आपणही मनातून देऊनच टाकलेलं असतं की.

पण मला जास्त लागला तो चैतन्य ताम्हाणे यांचा २०२० सालचा 'द डिसायपल'. त्यात गुरुजींचं काम अरुण द्रविड यांनी केलंय, ते स्वतः गवई. इथे कुणी खुर्ची फेकत नाही. गुरुजी नुसती नापसंती दाखवतात आणि शरद आतून विझत जातो. तरी त्यांची सेवा करतो, डॉक्टरकडे नेतो. पुढे शरद स्वतः शिकवायला लागतो. एक विद्यार्थी आईला घेऊन येतो, कॉलेजच्या फ्यूजन बँडमध्ये गाऊ का विचारतो, आणि शरद त्या पोराला असं काही बोलतो की मी टीव्ही बंद करून स्वयंपाकघरात गेले. काम काहीच नव्हतं तिथे.

आता खरं सांगते. छडी मीही वापरली, त्या काळी सगळेच वापरायचे, त्याचं मी फार मनाला लावून घेत नाही (घ्यायला हवं असं सून म्हणते). मला टोचते ती दुसरीच गोष्ट. माझे विषय मराठी आणि इतिहास. पण शाळेत गाण्याला कुणी नव्हतं म्हणून स्पर्धेचं समूहगीत माझ्या गळ्यात पडलं. सहावीतली एक मुलगी किल्ल्याच्या पायथ्याच्या वाडीवरून चालत यायची. रानात हाका मारणारा, लावणीच्या वेळी बांधावर गाणारा खणखणीत आवाज. बाकीच्या मुलींत तो मिसळेना. चार दिवस सांगून पाहिलं, मग सगळ्यांसमोर म्हटलं, "तू नुसते ओठ हलव. आवाज काढायचा नाही." मुली हसल्या. ती शेवटच्या रांगेत उभी राहिली आणि अगदी इमानाने ओठ हलवत राहिली. आमचा दुसरा नंबर आला. मी पेढे वाटले!

एकलव्याचा धडा शिकवताना मुलं खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दाखवायची, "बाई, हाच का तो अंगठा?" मी हसून वेळ मारून न्यायचे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आली. ते वाचलं तेव्हा मला छडी नाही आठवली, ती शेवटची रांग आठवली.

असो. तीन वर्षांपूर्वी शिरढोणच्या थांब्यावर एक बाई वाकून पाया पडली. "बाई, ओळखलंत का?" आवाजावरून लगेच ओळखलं. बरोबर तिची लेक होती, अकरावीला. लेकीला म्हणाली, "ह्या आमच्या बाई. लई कडक होत्या, म्हणून तर आम्ही घडलो."

मला काय बोलावं सुचेना. बोलून गेले, "गातेस का गं अजून?"

"छ्या, बाई! मला कुठं गाता येतंय," ती म्हणाली, आणि पनवेलची गाडी आली म्हणून लेकीला जोरात हाक मारली. थांब्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली.