माथेरानची लाल वाट

उन्हाळी सुट्टीत किशोरवयीन मुलांना घेऊन माथेरानला अवश्य जावे. सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या गावात पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यापुढे जात नाहीत. पुढे लाल मातीची, झाडांच्या सावलीची वाट.

गेल्या मे महिन्यात गुडघेदुखीमुळे माझी आई घरीच थांबणार होती. आम्ही तिला अमन लॉजहून छोट्या गाडीने वर नेले. रोज सकाळी माझा १५ वर्षांचा मुलगा तिचा हात धरून हळूहळू चाले. घरी अबोल असणाऱ्या त्याने दहावीची भीती प्रथम आजीलाच सांगितली. मी मागून ऐकत होतो.

आपणही घरच्या ज्येष्ठांना मागे ठेवू नका. मात्र पाणी, नेहमीच्या गोळ्या आणि दुपारची विश्रांती सांभाळा.