भिंतीवरची बुरशी आणि पंचवीस हजारांचं कोटेशन



पावसाळा लागला की स्थानकात सामायिक झाल्यावर बायकांच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो. भिंतीला ओल आली, काळे डाग पडले, कपाटातल्या साड्यांना वास येतोय. आता तर मोठ्या शहरांतून माणसं येऊन बुरशी काढून देतात म्हणे, किती घेत असतील? आमच्या घरी 2024 च्या पावसाळ्यात हा प्रश्न खराच उभा राहिला. तेव्हाचा हिशेब वहीत लिहिलेला आहे, तोच इथे मांडते.

सासूबाईंच्या खोलीच्या दोन भिंती, मिळून 240 चौरस फूट. आषाढात वरच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसले आणि श्रावणापर्यंत ते पलंगाच्या उशापर्यंत उतरले. सासूबाई 86 वर्षांच्या, त्यांना दमा आहे. रात्रीचा खोकला वाढला तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या खोलीतली ओल गेली पाहिजे. मुलाने फोन करून नांदेडहून एका कंपनीचा माणूस बोलावला. त्याने दिलेलं कोटेशन असं होतं: पाहणीचे 1,500 रुपये, औषधाची फवारणी 25 रुपये चौरस फुटाने 6,000, पुट्टी-प्रायमर आणि बुरशीरोधक रंग 60 रुपये चौरस फुटाने 14,400. झाले 21,900. त्यावर 18 टक्के जीएसटी 3,942. एकूण 25,842 रुपये.

सासूबाईंनी आकडा ऐकला, पण त्यांची हरकत पैशाला नव्हती. त्या म्हणाल्या, "चातुर्मासात माझ्या खोलीत अनंतकायावर विष मारायचं नाही. पैसे देऊन मारायला सांगितलं, तरी मारलं मीच."

आपल्यापैकी कुणालाच हे नवीन नाही. इरियावहिया म्हणताना 'पणग' हा शब्द आपण रोज उच्चारतो, तो याच बुरशीसाठी आहे. कल्पसूत्रात तिचे पाच रंग सांगितले आहेत: काळा, निळा, लाल, पिवळा आणि पांढरा. ज्या वस्तूवर ती उगवते तिच्याच रंगाची असते, असंही म्हटलं आहे. म्हणजे पांढऱ्या भिंतीवरची पांढरी बुरशी सहज नजरेतून सुटते. आणि करणं, करवणं, अनुमोदन देणं हे तिन्ही आपल्याच खात्यावर जमा होतं, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा पूर्णपणे टळत नाही, पण यतना तर ठेवता येते. एकीकडे त्यांचा श्वास आणि दुसरीकडे त्यांचं व्रत, यातलं काय सांभाळायचं हा पेच माझ्यापुढे होता.

त्या रात्री कोटेशन पुन्हा वाचलं. बीकॉमच्या वर्गात भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक शिकवला होता. एक खर्च एकदा केला की वर्षानुवर्षं उपयोगी पडतो, दुसरा दरवर्षी पुन्हा करावा लागतो. या कोटेशनमध्ये गच्चीसाठी एक रुपयाही नव्हता. पाणी येतच राहणार, मग बुरशीही येतच राहणार आणि फवारणीही दरवर्षी करावी लागणार.

माझी भाची अमेरिकेत, न्यू जर्सीत असते. तिच्या तळघरातल्या 200 चौरस फुटांसाठी कंपनीने 3,600 डॉलर घेतले. तिकडे साधारण 10 ते 25 डॉलर चौरस फुटाचा दर असतो. एवढे पैसे कशाचे, असं मी तिला विचारलं. तिकडच्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या असतात. त्या पत्र्यांवरचा कागद हेच बुरशीचं अन्न. ती आत शिरते, म्हणून पत्रे कापून फेकावे लागतात, खोली प्लास्टिकने बंद करून हवा गाळणारी यंत्रं लावावी लागतात आणि हवा कोरडी करणारं यंत्र काही दिवस चालवावं लागतं. आपल्या विटा-सिमेंटच्या भिंतीत तिला खायला फारसं काही नसतं. ती बहुधा रंगावर आणि पुट्टीवर, वरच्या थरातच बसते. म्हणून तिकडचे आकडे वाचून आपण घाबरायचं कारण नाही.

तिनेच मला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं, ईपीएचं, मार्गदर्शन वाचून दाखवलं. त्यात सांगितलं आहे की साधारण 10 चौरस फुटांपर्यंतची, म्हणजे तीन फूट बाय तीन फुटांची बुरशी घरच्या घरी काढता येते. ती डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा तपासणीवर पैसे घालवायची गरज नसते. भिजलेली जागा 24 ते 48 तासांत वाळवली तर बहुतेकदा बुरशी धरतच नाही. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे: नुसतं औषध मारून भागत नाही, कारण मेलेल्या बुरशीचीही काहींना अ‍ॅलर्जी होते. ती काढावी लागते आणि आधी पाणी थांबवावं लागतं. सासूबाई व्रताच्या बाजूने जे सांगत होत्या, तिथेच हेही येऊन पोचलं. पिठाची मर्यादा पावसाळ्यात सर्वांत कमी धरायची, पापडाचे डबे पाहत राहायचं, यामागेही जीव उत्पन्नच होऊ नये हाच विचार आहे. तो फक्त स्वयंपाकघरापुरता का ठेवायचा?

पाणी कुठून येतं, हे शोधायला पैसे लागत नाहीत. भिंत कोरडी पुसून तिच्यावर दोन फूट प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस ठेवा. पाणी कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला जमलं तर खोलीतली हवाच दमट आहे, खिडक्या उघड्या ठेवा. खालून फूट-दोन फूट पांढरी भुकटी आली असेल तर ती पाण्यात टाकून पाहा. विरघळली तर तो लोणा आहे, बुरशी नव्हे. आपल्या उमरखेडच्या काळ्या मातीचा त्रास वेगळाच. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, घर हलतं आणि भिंतींना तडे जातात. आमचं पाणी अशाच एका तड्यातून आणि गच्चीच्या फुटलेल्या पाइपातून येत होतं.

सासूबाईंचा पलंग, माळ आणि पुस्तकं मधल्या खोलीत हलवली. पावसाने उघडीप दिली तशी गच्ची धरली. मिस्त्री दोन दिवस, 900 रुपयांनी 1,800. दोन मजूर दोन दिवस, 600 रुपयांनी 2,400. सिमेंट, वाळू, गळती थांबवणारं रसायन 3,700. नवा पाइप 1,450. झाले 9,350 रुपये. खोलीचं दार बंद ठेवलं, खिडक्या उघड्या ठेवल्या आणि भिंतीला कुणी हात लावला नाही. पाणी थांबल्यावर भिंत आपोआप वाळत गेली. साध्वीजींना विचारलं होतं. त्यांनी भिंत पूर्ण वाळेपर्यंत थांबा, एवढंच सांगितलं.

चातुर्मास संपल्यावर पोपडे खरवडले. वाळलेली बुरशी उडते, म्हणून काम करणाऱ्याला चांगला मास्क आणि चष्मा दिला, भिंतीवर हलकं पाणी शिंपडलं, दार बंद ठेवलं आणि सासूबाईंना चार दिवस नणंदेकडे पाठवलं. खरवडणं आणि प्लास्टर 3,600, चुना 900. चुन्याच्या भिंतीवर बुरशी सहजी धरत नाही आणि भिंतीतली वाफही बाहेर पडते. जुन्या घरांत दर दिवाळीला चुना देत, ते काही उगाच नव्हतं. सगळं मिळून 13,850 रुपये.

सगळ्यांना एवढ्यात भागेल असं नाही. 2023 च्या जुलैत शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला होता. तशा पाण्यात उभ्या राहिलेल्या मातीच्या भिंतीला चुना काय करणार? तुमच्याही घरी स्लॅबमधलं लोखंड गंजलं असेल, घरभर डाग असतील किंवा कुणाला श्वासाचा मोठा त्रास असेल, तर जाणकार माणूस बोलवा आणि त्याचे पैसे द्या. मात्र कोटेशन हातात आलं की त्यात पाणी थांबवायचे किती आणि रंगाचे किती, हे आधी वेगळं करायला सांगा. पहिला आकडा शून्य असेल तर सही करू नका.

सासूबाई परत त्यांच्या खोलीत झोपतात. औषध सुरू आहे, रात्रीचा खोकला कमी आहे. यंदा ज्येष्ठातच गच्चीचा पाइप साफ करून घेतला, मजुरी 300 रुपये. तुम्हीही पहिल्या पावसाआधी एकदा गच्चीवर चढून पाहा.