सफाई आणि गवाही

आपल्या घरांत मय्यतीचा मान किती असतो, हे वाचकांना सांगायला नको. गुस्ल, कफन, जनाजा आणि दफन ही फर्ज-ए-किफाया आहे. वस्तीतल्या कुणीच ती पार पाडली नाही, तर गुनाह साऱ्या वस्तीवर येतो. म्हणून ओळखपाळख नसलेल्या लावारिस मय्यतीलाही आपली माणसे खांदा देतात, कबरीत तीन मुठी माती टाकतात. कबरीसाठी जागा नाकारणे ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही.

तरीही २००८ साली मुंबईच्या मुसलमानांनी ती नाकारली. २६ नोव्हेंबरच्या रात्री सुरू झालेल्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. सीएसटी स्थानकात गावी जायला निघालेल्या गोरगरिबांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या मेलेल्यांत मुसलमान कुटुंबेही होती. दहापैकी नऊ हल्लेखोर ठार झाले आणि त्यांचे मृतदेह जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात ठेवले गेले. दफनाचा प्रश्न आला तेव्हा मरीन लाइन्सचे बडा कब्रस्तान सांभाळणाऱ्या जुम्मा मस्जिद ट्रस्टने साफ सांगितले, की निरपराधांचा असा खून करणारे मुसलमान असूच शकत नाहीत, त्यांना आमच्या कब्रस्तानात जागा नाही. इतर मुस्लिम संघटनांनीही त्यांना साथ दिली. पाकिस्ताननेही ते मृतदेह नेले नाहीत. वर्षभराहून अधिक काळ ते शवागारातच पडून होते. अखेर जानेवारी २०१० मध्ये सरकारने गुपचूप त्यांचे दफन केले. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ती गोष्ट एप्रिलमध्ये विधिमंडळात सांगितली, तेव्हा कुठे लोकांना कळली.

हल्ल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ९ डिसेंबरला, बकरी ईद आली. अनेकांनी दंडाला काळ्या फिती बांधून ईदची नमाज अदा केली. ते काही कुणी पुढारी नव्हते. दुकानदार, टॅक्सीवाले, कारकून, शाळकरी पोरे अशी आपल्यासारखीच माणसे होती.

हे सारे मी नववीच्या वर्गात सांगत होते. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "टीचर, पण दर वेळी आपणच का सांगायचं? दुसऱ्या कुणी गुन्हा केला, तर त्याच्या जातीच्या पोरांना वर्गात कुणी विचारतं का?"

वर्ग एकदम शांत झाला. तिचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, खरा होता. तिला गप्प बसवणे सोपे होते, पण ते इन्साफाचे झाले नसते.

मालेगावचेच पाहा. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर तिथल्या बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे गेली, बहुतेक मुसलमानच. सुरुवातीला पकडलेही गेले मुसलमानच. बहुतेकांची पाच-पाच वर्षे तुरुंगात गेली आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. ज्या समाजाने हे सोसले, त्याच्या मुलीने "आम्हीच का?" असे विचारले तर त्यात नवल काय?

मी तिला म्हटले, "बेटा, सफाई वेगळी आणि गवाही वेगळी. सफाई आरोपी देतो. तू आरोपी नाहीस, म्हणून तुझ्याकडे सफाई मागण्याचा हक्क कुणालाच नाही. पण गवाही तो देतो, ज्याला खरे काय ते ठाऊक असते. कुणी अल्लाहचे नाव घेऊन बेगुनाह माणसाला मारत असेल, तर 'हा दीन नाही' हे आपल्यापेक्षा जास्त ठामपणे कोण सांगणार?"

सूरह निसामध्ये इन्साफाची साक्ष द्यायचा हुकूम आहे, मग ती स्वतःच्या, आईबापांच्या किंवा नातलगांच्या विरोधात का जाईना. कुणी मागितली तरच द्या, अशी अट तिथे नाही. आणि अशी साक्ष फक्त शेजाऱ्यांसाठी नसते. ती आपल्या घरातल्या पोरांसाठीही असते, कारण खुनाला जिहादचे नाव देणारे पहिल्यांदा त्यांनाच गाठतात.

अलीकडचा दाखला काश्मीरचा आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरनमध्ये धर्म विचारून गोळ्या घातल्या गेल्या. २६ जण मारले गेले, त्यांत आपल्या महाराष्ट्राचे सहा. पर्यटकांना वाचवायला गेलेला एक स्थानिक घोडेवाला तरुणही त्यांत होता. दुसऱ्या दिवशी खोरे बंद राहिले. गावोगाव लोक मेणबत्त्या घेऊन निघाले, वर्तमानपत्रांनी पहिले पान काळे छापले. त्या जुम्म्याला श्रीनगरच्या जामिया मस्जिदीत एक मिनिट शांतता पाळली गेली. काही जण म्हणाले, हे सारे पर्यटनाच्या धंद्यासाठी. असेलही थोडे, रोजीरोटीची काळजी हा काही गुन्हा नाही. पण गोळीसमोर उभा राहिलेला घोडेवाला धंद्याचा हिशेब करत नव्हता.

माझ्या भगिनींनो, आपल्या वाट्याला मोर्चा येईलच असे नाही. घर मात्र प्रत्येकीच्या वाट्याला आहे. अशी बातमी आली की टीव्ही बंद करून विषय टाळू नका. दस्तरखानावर बसल्यावर मुलांसमोर आधी मेलेल्यांबद्दल बोला, ते कोण होते, कुठून आले होते. मारणाऱ्यांबद्दल 'पण', 'तरीही' न लावता बोला. मोबाइलवर कुणी त्यांची तरफदारी करणारा मेसेज पाठवला, तर तो पुढे ढकलू नका; पाठवणाऱ्याला फोन करून समजवा, मग तो सख्खा भाऊ का असेना. आणि आपल्यावर अन्याय झाला असेल, तर तेही मुलांना त्याच ठामपणाने, कायद्याच्या वाटेने मांडायला शिकवा. या दोन गोष्टी एकाच तोंडाने बोलता येतात.

त्या मुलीने थोडा विचार केला आणि विचारले, "मग टीचर, मालेगावची गवाही कुणी द्यायची?"

मी म्हटले, "तीही आपणच. आणि ती ऐकून घ्यायची जबाबदारी बाकीच्यांची."