मॅडमचे तीन प्रश्न

फार्मसी कॉलेजात आम्हाला फार्माकॉग्नोसी, म्हणजे औषधी वनस्पतींचा विषय, शिकवणाऱ्या मॅडमचा वनस्पतींवर फार जीव. म्हणूनच वनस्पतींबद्दल कुणी मोघम बोललेलं त्यांना खपत नसे. प्रॅक्टिकलला चूर्ण सूक्ष्मदर्शकाखाली घेण्याआधी त्या ते जिभेवर ठेवायला लावत. कुटकीची कडू चव डबा खाईपर्यंत जायची नाही. हिमालयात उंचावर उगवणारी ही वनस्पती म्हणजे आरोग्यवर्धिनीचा मुख्य घटक. “चव कळली, आता काम सांगा,” असं मॅडम म्हणत. कुणी “लिव्हरसाठी” म्हणालं की तीन प्रश्न आलेच : कुणाला दिलं? किती दिलं? कशाशी ताडून पाहिलं?

मुंबईत झालेला १९९६ सालचा अभ्यास त्यांनी एकदा फळ्यावर मांडला. विषाणूजन्य काविळीच्या रुग्णांना कुटकीचं चूर्ण दिलं होतं. बिलिरुबिन २.५ पर्यंत उतरायला त्यांना सरासरी २७ दिवस लागले, प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नकली मात्रा, घेणाऱ्यांना ७६. वर्ग खूश झाला. मॅडम म्हणाल्या, “रुग्ण मोजके, आजार कावीळ. लिव्हरमधल्या चरबीबद्दल यात काय आहे?”

हा प्रश्न कराडच्या माझ्या मेडिकलमध्ये मला रोज उपयोगी पडतो. ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’चा सोनोग्राफी रिपोर्ट आणि मोबाइलवर हळदीच्या कॅप्सूलची जाहिरात घेऊन लोक येतात. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून त्यात मिरीतलं पिपेरीन घालतात. शोषण कितीतरी पटींनी वाढतं. पण अशा कॅप्सूल घेणाऱ्या काहींच्या लिव्हरलाच इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतली हळद वेगळी, ही मात्रा वेगळी, हे मी समजावून सांगते. काही गिऱ्हाईकं ऐकतात, काही पुढच्या दुकानात जातात.

माझ्या नवऱ्याच्या रिपोर्टवर तेच शब्द उमटले, तेव्हा मी सांगलीला निवृत्त मॅडमना फोन लावला. व्हिटॅमिन ई देऊ का, असं विचारलं. २०१० च्या अमेरिकी चाचणीत रोज ८०० युनिट घेणाऱ्या ४३ टक्के रुग्णांच्या लिव्हरची स्थिती सुधारली होती, प्लासिबोवर १९ टक्के.

“कुणाला दिलं होतं गं?”

“बायोप्सीत सूज दिसलेल्यांना. मधुमेह नसलेल्यांना.”

“आणि तुझ्या नवऱ्याला?”

त्याला मधुमेह होता, बायोप्सी झालेली नव्हती. मॅडमनी वजन विचारलं. ८६ किलो. “सात ते दहा टक्के उतरव. चरबीबरोबर सूजही कमी होते. बाकीचं डॉक्टर ठरवतील.” आमच्या घरात भाकरी परतली, संध्याकाळचं फरसाण गेलं, आणि नवरा कृष्णाकाठी चालायला लागला. वजन उतरलं, पुढच्या तपासणीत एन्झाइम्सही उतरले. मॅडमनी काही दिलं नव्हतं, उलट एक बाटली वाचवली होती.

मार्च २०२४ मध्ये फॅटी लिव्हरच्या सूज आणि व्रण असलेल्या प्रकारावरच्या पहिल्या औषधाला, रेस्मेटिरॉमला, अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा त्यांचाच फोन आला. औषध वनस्पतीतलं नव्हतं म्हणून काही त्यांची उलटतपासणी सौम्य झाली नाही. कुणाला, किती, कशाशी ताडून, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, “माहितीपत्रक नीट वाच. तिथंही सोबत आहार आणि व्यायाम लिहिलाय. गिऱ्हाइकाला ती ओळ आधी वाचून दाखव.”

मी तसंच करते.